१९२० विरुद्ध ३

‘रॅम्पचं आकारमान १९२० घनइंच, चाचणीतल्या तुकड्याचं ३ घनइंच.’

नासाच्या कोलंबिया या स्पेस शटल यानाला उड्डाणात बसलेल्या फोमच्या धक्क्याबद्दल बोइंगच्या अभियंत्यांनी जानेवारी २००३ मध्ये एक स्लाइड बनवली, तिची ही शेवटची ओळ. त्याच धक्क्यामुळे १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं आणि आतले सातही अंतराळवीर गेले. भागाकार तोंडी होतो: ६४०. यानाला लागलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा असू शकतो, असं ती ओळ सांगते. म्हणजे हाताशी असलेल्या चाचण्या या धक्क्याबद्दल जवळपास काहीच सांगू शकत नव्हत्या. त्याच स्लाइडचा मथळा मात्र असा होता: ‘टाइल भेदली जाण्याचा हिशेब हातचा राखून केलेला आहे, असं चाचण्यांच्या आढाव्यातून दिसतं.’ टाइल म्हणजे परतताना यानाला उष्णतेपासून वाचवणारं आवरण; हातचा राखून म्हणजे प्रत्यक्षातलं नुकसान हिशेबापेक्षा कमीच होईल असा.

‘ध’ चा ‘मा’ आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. एक अक्षर बदललं आणि नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, अशी ती गोष्ट. कोलंबियाच्या प्रकरणात कोणी अक्षर बदललं नाही, आकडा लपवला नाही, कागद फाडला नाही. जे कळवायला हवं होतं ते एकूण एक त्या पानावर होतं. म्हणून तर हे प्रकरण मला लबाडीच्या प्रकरणांपेक्षा जास्त अभ्यासण्यासारखं वाटतं.

आधीची हकिगत

१६ जानेवारी २००३ ला फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरवरून कोलंबिया उडालं. हे त्याचं २८ वं उड्डाण, मोहिमेचं नाव एसटीएस-१०७. साधारण ८२ व्या सेकंदाला बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. टाकी आणि यान जिथे जोडलेलं असतं तिथे फोमचा उतार केलेला असतो, त्याला बायपॉड रॅम्प म्हणतात. तुकडा तिथला होता. दुसऱ्या दिवशी चित्रफिती पाहताना तो धक्का दिसला. ज्या कॅमेऱ्यातून सगळ्यात चांगलं दिसलं असतं, नेमकं त्याचंच फोकस बिघडलेलं होतं.

फोम सुटणं ही नवलाची गोष्ट राहिली नव्हती. ज्या ७९ उड्डाणांची चित्रं उपलब्ध होती, त्यांतल्या ६५ मध्ये फोम सुटल्याचं दिसतं. शटलच्या मूळ आराखड्यात अट अशी होती की टाकीवरून काहीही सुटून यानाला लागता कामा नये. अट कागदावर तशीच राहिली आणि रोजच्या बोलण्यातला शब्द मात्र बदलत गेला. आधी जो ‘अटीचा भंग’ होता तो ‘इन-फॅमिली’ झाला. नासाच्या बोलीत याचा अर्थ, पूर्वी अनुभवलेली, तपासलेली, समजलेली अडचण. मराठीत ‘घरातलंच आहे’ म्हणावं तसं. घरातल्या माणसाकडे कोण ओळखपत्र मागतो?

ऑक्टोबर २००२ मध्ये, म्हणजे जेमतेम तीन महिने आधी, अटलांटिसच्या उड्डाणात याच रॅम्पचा तुकडा सुटून बूस्टरच्या, म्हणजे टाकीच्या बाजूच्या रॉकेटच्या, बुडाशी आदळला होता. त्यानंतरच्या उड्डाणाआधीच्या बैठकीत लिहिलेलं वाक्य असं: टाकी उड्डाणाला सुरक्षित आहे, नवी चिंता नाही, वाढीव जोखीमही नाही. हे वाक्य मी बराच वेळ वाचत बसलो होतो. ‘नवी’ आणि ‘वाढीव’ हे दोन शब्द काढून वाचा: चिंता नाही, जोखीमही नाही. असं लिहायला कोणी धजावलं नसतं, कारण चिंता होतीच. पण ऐकणाऱ्याच्या कानात उरलं ते हेच.

घाई कसली होती, तेही सांगायला हवं. अंतराळस्थानकाचा नोड-२ हा भाग १९ फेब्रुवारी २००४ ला न्यायचा, अशी तारीख वरून ठरून आली होती. व्यवस्थापकांना संगणकासाठी एक स्क्रीनसेव्हर पाठवण्यात आला होता. त्यावर त्या तारखेपर्यंतचे दिवस, तास, मिनिटं आणि सेकंद उलटे मोजले जात. काम थांबलं की पडद्यावर घड्याळ सुरू. संस्थेला काय महत्त्वाचं वाटतं ते कर्मचाऱ्याला परिपत्रकातून कळत नाही, ते असं कळतं.

फोटोची मागणी

माझ्या मते प्रकरणाचा गाभा स्लाइडमध्ये नाही, तिच्या आदल्या दोन दिवसांत आहे.

धक्क्याचा अंदाज घेण्यासाठी नासा आणि कंत्राटदार कंपन्यांच्या अभियंत्यांचा एक गट नेमला गेला. त्यांना सगळ्यात आधी हवा होता पंखाचा फोटो. संरक्षण खात्याच्या दुर्बिणी आणि उपग्रह यान कक्षेत असताना त्याचं चित्र घेऊ शकत होते. अशी मागणी तीन वेगवेगळ्या वाटांनी वर गेली. गटातले नासाचे अभियंते रॉडनी रोचा यांनी २१ जानेवारीच्या ईमेलमध्ये विचारलं, ‘बाहेरच्या यंत्रणेकडे मदतीसाठी अर्ज करता येईल का?’ आणि ‘अर्ज’ या शब्दापुढे कंसात ‘भीक’ असा शब्द घातला.

त्याच दिवशी मोहिमेच्या व्यवस्थापन समितीची बैठक झाली. या समितीने उड्डाण चालू असताना रोज भेटावं असा नियम होता. १६ दिवसांच्या उड्डाणात ती पाच वेळा भेटली, आणि मधल्या लांब सुट्टीच्या शनिवार-रविवार-सोमवारी एकदाही नाही. समितीच्या अध्यक्ष लिंडा हॅम यांनी फोमचा विषय निघाल्यावर जे म्हटलं त्याचा आशय असा: आपल्याला फारसं काही करता येण्यासारखं नाही, त्यामुळे उड्डाणादरम्यान हा मुद्दाच नाही.

हे वाक्य सहज बोललेलं वाटतं, पण पुढचं सगळं त्याच्या उतारावरून घरंगळत गेलं. ‘धक्का किती गंभीर आहे?’ हा प्रश्न होता. त्याच्या जागी ‘आपण काही वेगळं करणार आहोत का?’ हा प्रश्न आला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर पहिला विचारायची गरजच राहत नाही.

२२ जानेवारीला फोटोची मागणी रद्द झाली. संरक्षण खात्यात हालचाल सुरूही झाली होती, ती थांबवली गेली. कारण काय दिलं? फोटो ‘आवश्यक’ असल्याचं अधिकृतपणे कोणी मांडलेलं नाही. ज्या गटाला तो हवा होता त्याला थेट कोणी विचारलं नाही, आणि गटाला हे माहीत नव्हतं की ‘आवश्यकता’ हा शब्द ठरावीक खिडकीवर ठरावीक नमुन्यात उच्चारावा लागतो.

आता अभियंत्यांची अवस्था पाहा. फोटो मिळवायचा तर धोका आहे हे सिद्ध करा. धोका सिद्ध करायचा तर फोटो हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. एरवी उड्डाणाच्या बाबतीत ‘सुरक्षित आहे’ हे सिद्ध करावं लागतं. इथे ‘असुरक्षित आहे’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी अभियंत्यांवर येऊन पडली. अपघातानंतर नेमलेल्या चौकशी मंडळाने पुढे हे उलटंपालटं नेमकं नोंदवलं.

रोचा यांनी त्या दिवशी आणखी एक ईमेल लिहिला. फोटो न मागण्याचा निर्णय चुकीचा आहे, जवळजवळ बेजबाबदार आहे, असं त्यात होतं. ‘सुरक्षित नसेल तर तसं सांगा’ अशी पोस्टर्स नासाच्या भिंतींवर लावलेली असत, त्यांची आठवणही होती. ईमेल त्यांनी छापला, एका सहकाऱ्याला दाखवला, आणि पाठवला नाही. आपल्या वरच्या माणसाला ओलांडून जाण्याचा संकोच. पोस्टर भिंतीवर होतं, ठळक होतं. पण खुर्च्यांची उतरंड त्याहून ठळक होती, आणि ती दिसायला पोस्टर लागत नाही.

२३ तारखेला नियंत्रण कक्षातून कोलंबियाचे कमांडर रिक हजबंड आणि वैमानिक विल्यम मॅक्कूल यांना ईमेल गेला. तज्ज्ञांनी चित्रफिती पाहिल्या आहेत, काळजीचं कारण नाही, परत येताना मुळीच नाही. हा विषय खरं तर उल्लेख करण्याजोगाही नाही, पण पत्रकाराने विचारलं तर तुम्ही गोंधळू नये म्हणून कळवतो आहोत. अभियंत्यांच्या गटाने आपले निष्कर्ष वरिष्ठांपुढे मांडायला तोवर एक दिवस बाकी होता.

पाच वेळा एकच शब्द

आता स्लाइड. ‘क्रेटर’ नावाचं एक गणिती साधन होतं. तुकड्याचा आकार, वेग, कोन दिला की टाइलमध्ये खड्डा किती खोल पडेल ते ते सांगे. या धक्क्यासाठी क्रेटरने टाइलच्या जाडीपेक्षाही खोल खड्डा सांगितला. गटाचं म्हणणं पडलं की क्रेटर नेहमीच जास्त सांगतं, कारण टाइलचा खालचा थर अधिक घट्ट असतो आणि ते तो धरत नाही. यात तथ्य होतं. पण तो अनुभव बारक्या तुकड्यांचा होता, आणि तो ३ घनइंचांच्या पलीकडे लागू पडतो का, हे कोणी पाहिलेलं नव्हतं.

स्लाइडवर ‘सिग्निफिकंट’ आणि त्याची रूपं पाच वेळा येतात. मी ती ओळीने मराठीत आणायला बसलो आणि अडलो. क्रेटरने खोली ‘सिग्निफिकंट’ प्रमाणात जास्त सांगितली: इथे ‘बरीच’ म्हणता येतं. फोमला टाइलचं कवच भेदायला ‘सिग्निफिकंट’ ऊर्जा लागते: ‘पुष्कळ’. कवच एकदा भेदलं की फोम ‘सिग्निफिकंट’ नुकसान करू शकतो: इथे ‘पुष्कळ’ लिहिताना हात थांबला. टाइल पूर्ण उखडेल का? जीव जाईल? ऊर्जेतल्या थोड्याशा फरकानेही टाइलचं ‘सिग्निफिकंट’ नुकसान होतं: पुन्हा तेच. आणि अखेर, उड्डाणातली परिस्थिती चाचण्यांच्या आवाक्याच्या ‘सिग्निफिकंट’ बाहेर आहे: म्हणजे ६४० पट. मला पाच ठिकाणी निदान चार शब्द लागले. इंग्रजीत एकच शब्द पाचही जागा झाकून बसला, आणि ‘बरंच’ पासून ‘प्राणघातक’ पर्यंतचं सगळं अंतर त्याखाली सपाट झालं.

रचनाही बघण्यासारखी आहे. मथळ्याखाली ठिपका, त्याखाली रेघ, त्याखाली आणखी बारीक ठिपके. ‘क्रेटर जास्त सांगतं’ ही ओळ वरच्या पायरीवर. ‘पुरेसं वजन आणि वेग असेल तर भेदलं जाऊ शकतं’ ही कबुली तिच्या दोन पायऱ्या खाली, पोटभाडेकरूसारखी. आणि १९२० विरुद्ध ३ अगदी शेवटी. शिवाय सगळी चर्चा टाइलची. तुकडा लागला होता तो पंखाच्या पुढच्या कडेला, आणि तिथे टाइल नसते, कार्बनचं वेगळं कवच असतं. त्याच्यासाठी हाताशी होत्या त्या बर्फाच्या चाचण्या. फोम बर्फाहून हलका, एवढ्या आधारावर ‘भेदलं जाणार नाही’ असा कौल दिला गेला.

आकडेवारीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिरफाड केली आणि चौकशी मंडळाने ती आपल्या अहवालात घेतली. वरिष्ठ अधिकाऱ्याला ही स्लाइड वाचून जीवघेण्या प्रसंगाबद्दल वाचतो आहोत हे कळलं नाही तर नवल नाही, असं मंडळाने म्हटलं. चौकशी चालू असतानाही नासाचे लोक तांत्रिक अहवालांच्या जागी अशाच स्लाइड्स पाठवत राहिले, याचं मंडळाला आश्चर्य वाटलं.

टफ्टींचं विश्लेषण तीक्ष्ण आहे, तरी पॉवरपॉइंटला आरोपी करून मोकळं होणं मला पटत नाही. २४ जानेवारीच्या समितीच्या बैठकीत या कामाचा गोषवारा तोंडीच सांगितला गेला, आणि त्याची शब्दशः नोंद उपलब्ध आहे. सांगणारे अधिकारी म्हणतात: विश्लेषण पूर्ण झालेलं नाही, एक बाब तपासायची राहिली आहे, पण सरळ निष्कर्षावर उडी मारायची तर टाइलचं बरंच नुकसान संभवतं, आरपार जळण्याची शक्यता दिसत नाही, अर्थात तुकड्याचा आकार, जागा, कोन या सगळ्यांत खूप अनिश्चितता आहे. हॅम विचारतात: म्हणजे टाइल बदलावी लागेल एवढंच? उत्तर: हो, उतरल्यावरची डागडुजी, उड्डाणाच्या सुरक्षेचा प्रश्न आतापर्यंत पाहिलेल्यात तरी अजून दिसलेला नाही. मग फोनवरून ऐकणाऱ्यांसाठी हॅम तेच पुन्हा सांगतात: आरपार जळणार नाही, सुरक्षेचा प्रश्न नाही, डागडुजीचा आहे, पूर्वीसारखाच.

‘अजून’ गेलं. ‘आतापर्यंत पाहिलेल्यात’ गेलं. ‘विश्लेषण पूर्ण नाही’ गेलं. मिनिटाभरात, एकाच खोलीत, कोणीही खोटं न बोलता. स्लाइड नसती तरी हेच झालं असतं.

आणि समजा, स्लाइडचा मथळा प्रामाणिक असता: ‘आपल्या चाचण्या या धक्क्याला लागू पडत नाहीत.’ वाचणाऱ्याचा पुढचा प्रश्न एकच असता, मग फोटो का घेत नाही? पण फोटोचं दार दोन दिवसांपूर्वी बंद झालं होतं. तो मथळा लिहिणं म्हणजे वरिष्ठांनी मिटवलेला विषय पुन्हा उघडणं. म्हणून माझा तर्क असा की मथळा २२ जानेवारीलाच ठरला होता. लिहिणाऱ्यांना तो आपणच लिहितो आहोत असं मनापासून वाटत असणार.

एक आक्षेप मी स्वतःवरही घेतो. १ फेब्रुवारीनंतर वाचणाऱ्याला ‘१९२०’ हा आकडा पानातून उठून दिसतो. पण ज्या उड्डाणांत फोम लागला आणि यान सुखरूप उतरलं, त्यांचे कागद कोण उघडून बघतो? तिथेही असेच मथळे आणि अशाच शेवटच्या ओळी असतील. मथळ्यांनी त्या वेळी दगा दिला नाही, म्हणून तर त्यांच्यावर विश्वास बसला.

१ फेब्रुवारी आणि नंतर

उतरायला १६ मिनिटं उरली असताना टेक्ससवर कोलंबियाचे तुकडे झाले. सातही जण गेले. आपल्याकडच्या बातम्यांत त्या सातांपैकी एकच नाव मोठ्या टायपात होतं, कल्पना चावला. चारच दिवसांत मेटसॅट या भारतीय हवामान उपग्रहाचं नाव ‘कल्पना-१’ करण्यात आलं. स्वाभाविक होतं ते. पण इलान रामोन, लॉरेल क्लार्क, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राउन ही नावं आपल्यापैकी किती जणांना आठवतात? आपणही मथळा निवडलाच होता.

‘फोमने असं काय होणार?’ हा अविश्वास नासात अपघातानंतरही टिकून होता. ७ जुलै २००३ ला सॅन अँटोनिओच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पाऊण किलोचा फोमचा तुकडा वायूच्या तोफेतून ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने पंखाच्या कडेच्या पॅनेलवर डागला. जवळजवळ १६ इंच रुंद भगदाड पडलं. बघणाऱ्यांच्या तोंडून आवाज फुटला.

चौकशी मंडळाचा अहवाल २६ ऑगस्टला आला. ॲडमिरल हॅरॉल्ड गेहमन त्याचे अध्यक्ष. फोमला जितकी जागा, तितकीच संस्थेच्या कार्यसंस्कृतीला देण्याचं मंडळाने ठरवलं होतं, आणि अपघातात या संस्कृतीचा वाटा फोमइतकाच आहे असं लिहिलं. एखाद्या व्यक्तीच्या गळ्यात दोष बांधून अहवाल संपवणं सोपं होतं; हॅम यांचं नाव वर्तमानपत्रांत रोज येतच होतं. मंडळाने ती वाट घेतली नाही. मंडळाच्या सांगण्यावरून नासाने आणखी एक हिशेब केला. कोलंबियावरची सामग्री १५ फेब्रुवारीपर्यंत पुरली असती. अटलांटिस १ मार्चच्या उड्डाणासाठी तयार होत होतं. पंखाला भोक आहे हे पहिल्या काही दिवसांत कळलं असतं, तर तयारी रेटून अटलांटिस वेळेत पाठवणं अवघड, पण शक्य कोटीतलं होतं. ‘आपल्याला फारसं काही करता येण्यासारखं नाही’ हे वाक्य याच्याशेजारी ठेवून वाचावं.

पुढचं उड्डाण थेट २६ जुलै २००५ ला झालं, डिस्कव्हरीचं. टाकीवरून पुन्हा फोमचा मोठा तुकडा सुटला. यानाला लागला नाही, तरी पुढची उड्डाणं जवळपास वर्षभर थांबवली गेली. त्याच मोहिमेत कक्षेत असताना यानाच्या पोटाचे फोटो घेतले गेले आणि दोन टाइलांमधल्या फटीत भरलेल्या पट्ट्या दोन ठिकाणी इंचभर बाहेर आलेल्या दिसल्या. आधीच्या उड्डाणांतही अशा पट्ट्या सरकत. त्या यान उतरल्यावर दिसत आणि डागडुजीच्या यादीत जात. या वेळी ३ ऑगस्टला अंतराळवीर स्टीफन रॉबिन्सन यांना यंत्रबाहूच्या टोकावर उभं करून यानाच्या पोटाखाली नेलं. शटलच्या इतिहासात तिथे उड्डाण चालू असताना माणूस पहिल्यांदाच गेला होता. कापावी लागली तर करवतही सोबत दिली होती. रॉबिन्सननी पट्टी बोटांत धरली, हलकेच ओढली. ती अलगद निघून आली.